बारा राजे आणि दोन मामा

हे मृत्युपत्र लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. डॉक्टर म्हणाले, "कागदपत्रं आवरून घ्या." मी लगेच कागद आणला, पेन आणलं आणि राष्ट्रकूटांची वंशावळ काढत बसलो. उद्या दवाखान्यात दाखल व्हायचंय, म्हणून आज पक्कं लिहितो.

मी, प्रबोध वैजनाथ कासार, वय एकोणतीस, मूळ राहणार लातूर, हल्ली मुक्काम सरोजिनीकाकूंच्या घरातली मागची खोली, टॅम्पिनीस, सिंगापूर, स्वतःच्या मनाने जाहीर करतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डोक्यात गाठ आहे आणि ती काढणार आहेत, ही बाब वेगळी.

शिक्षण बारावी, तेही रखडत. वकिली भाषा मला जमत नाही, ताम्रपटाची जमते. त्यात आधी पूर्वज, मग दान, शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. त्याच वाटेने जातो.

पूर्वज. आमचं भांड्यांचं दुकान. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरचे स्वामी म्हणवायचे, आणि लत्तलूर म्हणजे आमचं लातूर असं पुष्कळ जण मानतात. मी नववीत असताना एका माणसाने मोडीत तीन जाड तांब्याचे पत्रे आणून घातले. एका कडीत ओवलेले, कडीवर गरुडाचा शिक्का, पत्र्यांवर ओळीच्या ओळी अक्षरं. मी म्हटलं, "बाबा, उद्यापर्यंत ठेवा, सरांना दाखवतो." बाबा म्हणाले, "तांबं आहे ते, वर्तमानपत्र नाही." संध्याकाळी पत्रे भट्टीत गेले. कोणत्या राजाने कोणतं गाव कुणाला दिलं होतं, आता कुणालाही कळणार नाही. तेव्हापासून मी उरलेल्या कोरीव लेखांचे कागदावर ठसे घेत हिंडलो. पोटासाठी प्रदर्शनांच्या पेट्या बांधणाऱ्या कंपनीत लागलो आणि पेट्यांबरोबर इथे येऊन पडलो.

कलम एक. माझे सगळे ठसे, ब्रश आणि शाईचा बोळा काकूंची नात आर्या हिला द्यावेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाने प्रजेवरचं संकट टळावं म्हणून देवीला स्वतःचं बोट कापून दिलं, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सो पेनफुल, लाह! नोबडी स्टॉप हिम मीह?" इतकी वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगतोय. त्याला कुणी अडवलं का नाही, हे फक्त तिने विचारलं.

कलम दोन. सायकल श्रीनिवासला. तो तांजोंग पगारला बँकेत आहे आणि या देशातला माझा एकमेव मित्र आहे. रविवारी आम्ही ईस्ट कोस्टला जातो. समोर जहाजं नांगर टाकून उभी असतात. मी त्याला राजेंद्र चोळाचं आरमार सांगतो, समुद्रापलीकडच्या कडारमवरची त्याची स्वारी सांगतो. तो म्हणतो, "प्रबोध, जेवायचं काय ते सांग."

कलम तीन. प्रेशर कुकर सरोजिनीकाकूंना.

कलम चार. धाकटा भाऊ प्रीतम याला काहीही नाही. इथे जरा थांबून सांगतो. राष्ट्रकूट ध्रुवराजाने थोरल्या मुलाला, स्तंभाला, डावलून धाकट्या गोविंदाला गादी दिली. स्तंभ बारा राजे गोळा करून उठला आणि हरला. आमच्या बाबांनीही दुकान प्रीतमच्या नावे केलं, म्हणाले, "तू घरात टिकतोस कुठे?" मीही उठलो. मला बारा राजे कुठून मिळणार? दोन मामा आणि एक वकील मिळाला. हरलो. हरल्याचं दुःख नाही. पण गोविंदाने काय केलं, तर स्तंभाला त्याचा गंगवाडी प्रांत परत दिला. लोक याला मोठं मन म्हणतात. हरलेल्या माणसाला विचारा. निकाल लागला त्याच दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर प्रीतम म्हणाला, "दादा, चल, गल्ल्यावर तूच बस." त्यापेक्षा त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी लातुरात राहू शकलो असतो. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. बाबा गेले तेही मला मामांकडून कळलं.

शाप. वरील दान जो मोडेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. श्रीनिवासने कच्च्या खर्ड्यात हे वाचून विचारलं, "वकिलाला दाखवलंस का?" दाखवलं. खरी अडचण तिथेच निघाली.

वकील म्हणाले, साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने सही केली तर त्याचं ते मिळणं रद्द. मी मोजून पाहिलं. या शहरात मला ओळखणारी मोठी माणसं दोन, आणि दोघांनाही मी काही ना काही लिहून ठेवलेलं. द्यावं तर सही नाही, सही घ्यावी तर देणं नाही.

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खोड ते कलम. कुकर माझाच आहे, मेल्या! माझाच मला देतोस?"

म्हणून कलम तीन खोडलं आहे.

श्रीनिवास म्हणाला, "मीही करतो सही. सायकल विकून टाक." मला ते मान्य नाही. माझी म्हणून वस्तू वापरणारा एक तरी मोठा माणूस मागे हवा. शेजारचे टॅन अंकल आनंदाने सही करतील. मला ते लिफ्टमध्ये भेटतात आणि "इट ऑलरेडी?" म्हणजे जेवलास का, एवढंच विचारतात. पण माझं डोकं ठिकाणावर आहे असं लिहून देणाऱ्याला ते आधी कुठे असायचं, हे ठाऊक नको का?

वकिलांकडून निघताना मी विचारलं, "दुसरा साक्षीदार नाहीच मिळाला तर?" ते म्हणाले, "एकाच्या सहीवर मृत्युपत्र होत नाही." म्हणजे मी गेलो तर ठसे कचऱ्यात. कागद म्हणजे कागद, कोण वाचणार.

तरी जागा सोडून ठेवतो.

ठिकाण : टॅम्पिनीस, सिंगापूर
दिनांक : १४ मार्च २००६
लिहून देणार : प्रबोध वैजनाथ कासार
साक्षीदार १ : सौ. सरोजिनी (काकू सही करताना म्हणाल्या, "परत आलास की फाडून टाकू.")
साक्षीदार २ :

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. काकू दार उघडून माझ्या खोलीत आल्या, चेहरा चोरट्यासारखा. "रागावू नकोस. लातूरला मीच फोन केला होता. मला वाटलं पैसे पाठवेल. हा स्वतःच आलाय. स्वेटर घालून आलाय बिचारा, घामाने निथळतोय. प्रीतम."

कलम चारप्रमाणे त्याला काहीही मिळत नाही. त्याची सही चालेल.