पूल गमावल्याची हकीकत

यवतमाळ, रविवार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो सध्या उभ्यानेच घालते.) तब्येत कशी आहे? मंजुषावहिनी गेल्यापासून दोन वर्षं तू नागपूरच्या त्या फ्लॅटबाहेर पडला नाहीस, फोनही उचलत नाहीस, म्हणून पत्र. ये म्हणून आग्रह मुळीच करणार नाही. फक्त एक हकीकत कळवते.

माळ्यावरून आपला जुना कॉम्प्युटर काढला. तोच, काकांनी परदेशातून आणलेला, टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून चालवायचा. लोहारा गावच्या संजयने तो दुरुस्त करून दिला. तुझ्या त्या लढाईच्या गेमची कॅसेट लावली तशी ती पाच मिनिटं अशी किंचाळली, की शेजारच्या रुक्माबाई धावत आल्या. "काहून वं मधूबाई, मांजर अडकलं का कुठं?" मग पडद्यावर तुझं ते महायुद्ध उगवलं: निळी नदी, एक पूल, चौकोनी तुकड्या. चाळीस वर्षांपूर्वी सेनापती तू असायचास. मी नुसती बटणं दाबायची (आणि पोहे आणून द्यायचे).

या वेळी सेनापती मी. आधी कुणावरच हल्ला केला नाही. आपण होऊन मारायचं, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी कधी शिकवलंच नाही. सगळ्यांना पुलाजवळ विश्रांती दिली. तेवढ्यात नदीपलीकडे एक तुकडी एकटीच वेढ्यात सापडलेली दिसली. बळ दोन, रसद शून्य. तू म्हणाला असतास, सोड तिला, पूल धर. मला सोडवेना. सगळी फौज उठवून तिला आणायला धाडली. संजयने कपाळाला हात लावला. "कायले चालल्या तिकडं, बाई? पूल जाऊन राह्यला ना!" पूल गेला, मागचं गावही गेलं. कॉम्प्युटरने दहा मिनिटं विचार करून माझा दारुण पराभव जाहीर केला. पण तुकडी वेढ्याबाहेर आली होती. मी त्या आनंदात शिरा केला, संजयने दोनदा घेतला.

तुझी,
मधुवंती

ता. क. बाकी सर्व ठीक. पुढची खोली तुझ्यासाठी रंगवली आहे, हे आपलं सहज.

ता. क. दुसरा. आग्रह करणार नाही असं वर लिहिलं, ते खोटं. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे एव्हाना कळलं असेलच. ज्याने हातात दिलं तो संजय. खाली उभी गाडी त्याचीच. त्याला चहा पाज आणि बॅग भर. "दादाला घेतल्याशिवाय परतायचं नाही," असं मी बजावलं, तर तो बरं म्हणाला आणि स्वतःचे आठ दिवसांचे कपडे घेऊन निघाला आहे.