पुराची रेघ

प्रिय भास्कर,

परवा फोनवर तू म्हणालास, आत्म्या, तू कोरलेल्या पुराच्या रेघेपेक्षा हातभर उंच जोतं घेतोय, सोमवारी काँक्रीट. जोतं तूर्त थांबव. का ते लिहितोच, पण हे गाव बघून मन असं उसळलंय की आधी तेच सांगू दे.

आमचा शिरीष रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात, पण राहतो इथे, आगगाडीनं अर्ध्या तासावर. दक्षिण जर्मनीतलं लहानसं नदीकाठचं गाव, आपल्याएवढंच. आणि अरे, भिंतीभिंतीवर दगडी पाट्या! या घरात कोण राहत होतं, पूल कधी मोडला, सगळं कोरून ठेवलंय. मी चौथी शिकलेला पाथरवट, जर्मन कुठून वाचणार? पण आकडे कळतात, आणि टाकीचा घाव बोटांना कळतो. एक पाटी तर डावखुऱ्या माणसानं कोरलीय, हेही ओळखलं! सूनबाई नंदिनी म्हणते, बाबा, लोकांच्या भिंती चाचपत फिरू नका, कुणीतरी पोलीस बोलावेल. नात उर्जा मात्र हौसेनं बरोबर येते. मी मराठीत विचारतो, ती जर्मन पाटी वाचून सांगते. माझा अंदाज बरोबर आला की गेनाऊ म्हणते, म्हणजे अगदी बरोबर. आता मीही भाजीवाल्याला गेनाऊ म्हणतो, तो खूश होतो.

काल तिनं जुन्या वेशीपाशी नेलं. तिथे पुराच्या रेघा, एकावर एक, प्रत्येकीशेजारी साल. मी हरखून गेलो. वेशीतच त्यांच्या कुणा संताची मूर्ती आहे, आणि एक रेघ थेट त्याच्या छातीवरून गेलेली! मी घाबरून हातच जोडले. उर्जाला विचारायला लावलं. तिथली फुलवाली हसली. म्हणाली, पाणी तिथवर आलं होतं, मग रेघ दुसरीकडे कुठे मारणार?

भास्कर, मी तिथेच पायरीवर बसलो. आपल्याकडच्या त्या पुरात तू नोकरीला भिलाईला होतास. घाटावरच्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. पण देव बुडाला असं दगडात कोरायला हात धजेना. रेघ मारुतीच्या पायाशी मारली. वाटलं, खरं काय ते सगळ्यांना ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक होतं ते गेले, आणि लोक त्या रेघेवरून घरं मापायला लागले. लाजेनं मी गप्प राहिलो. पाणी रेघेच्या चांगलं दोन हात वर होतं. म्हणजे तुझं जोतं हातभर पाण्यात, आणि तुझ्या हरीशची पोरं खालच्याच खोलीत झोपणार. फोनवर जीभ उचलेना, म्हणून हे कागदावर. उर्जा फोटो काढून हरीशच्या मोबाईलवर पाठवतेय. जोतं रेघेच्या तीन हात वर घे, आणि हे पत्र चावडीवर वाचून दाखव, माझी लाज राखू नकोस. दिवाळीआधी येतो आणि खरी रेघ माझ्याच हातानं कोरतो. मारुतीची माफी तेव्हा मागेन. तुझी आजच मागतो.

तुझाच, अजून दोस्त म्हणत असशील तर,
आत्माराम