हँडल डावीकडं काहून?

मानोरा, रविवार संध्याकाळ, फेब्रुवारी

दादाचा मासे धरायचा रॉड अन् दोरी गुंडाळायचं रील आज पार्सलनं आले. होळीले घरी येऊन नेतो म्हणे. तो रत्नागिरीले बोटीवर आहे, गळ लावलेला शिशाचा मासा खोल सोडून झटके देत मोठे मासे काढते. त्यानं फोनवर सांगितलं तसंच म्या निवडलं. रॉड आखूड, मूठ लांब अन् रीलचं हँडल डावीकडं. डावीकडंच काहून? दादा काही डावखुरा नाही, त्याच्या जुन्या रीलचं हँडल उजवीकडं होतं.

आपल्याकडं समुद्र कुठून आनावा? विहिरीवर गेलो, रीलच्या दोरीले भरली बादली बांधली. दादा म्हणे तशी मूठ उजव्या काखेत दाबली, रॉड उजव्या मनगटावर टेकवला, डाव्या हातानं हँडल फिरवलं. रॉड पार वाकला, पन बादली वर आली.

उजव्या पंज्याले कामच पडलं नाही.

दिवाळीनंतर बोटीवर दादाच्या उजव्या हातात दोरी रुतली होती. "थोडंसं खरचटलं," म्हणे. तवापासून व्हिडिओ कॉलवर नुसतं तोंड दिसते. आज म्हनलं, "दादा, उजवा हात दाखव." त्यानं फोन कापला.

आईनं चुलीजवळून विचारलं, "जेवते का रे तो पोटभर?"

"हो," म्हनलं.

कोनत्या हातानं, ते तिनं विचारलं नाही.