चुलीवर वाळलेला गणवेश

घोडेगाव,
दि. ११ जून २०२५

चि. भागूस,

अनेक आशीर्वाद. आता तूही आपल्याच संस्थेत शिक्षिका आहेस, तेव्हा ‘माननीय भागूबाई’ असं लिहायला हवं. पण जिने नववीत माझ्या टेबलाच्या खणात बेडूक ठेवला, तिला माननीय लिहायला हात धजत नाही.

इकडे सर्व ठीक. एक तारखेपासून मी मुख्याध्यापक झालो. खुर्ची फिरती मिळाली आहे. दोनदा फिरून पाहिलं, चक्कर आली, आता स्थिर बसतो. घरचे मला पूर्वीसारखेच रागावतात, म्हणजे सर्वांच्या प्रकृती उत्तम.

पत्राचं कारण तुला ठाऊक आहे. माझे संस्कृतचे तास आता कोणी घ्यायचे असा प्रश्न आला तेव्हा मी तुझं नाव सुचवलं. पिंपरी पेंढारच्या शाखेत तू मराठी शिकवतेस, पण बी.ए.ला तुझं संस्कृत होतं. तू हे मला कधी सांगितलं नाहीस, मी ते तुझ्या सेवापुस्तकात वाचलं. परवा तुझा नकार आला. सोमवारी शाळा भरते. तोवर कोणी मिळालं नाही, तर नववीची सव्वीस मुलं हिंदीच्या वर्गात जाऊन बसतील आणि आपल्याकडचं संस्कृत संपलं. एकदा वेळापत्रकातून गेलेला विषय परत आलेला मी तरी पाहिलेला नाही.

नकाराचं कारण तू एका ओळीत दिलंस. ‘माझे उच्चार शुद्ध नाहीत, हे मला शाळेत असतानाच गुरुजनांनी सांगितले आहे.’ संस्थेच्या सचिवांनी मला विचारलं, “कोण हो हे गुरुजन?” मी म्हणालो, “असतील कोणी.”

त्याकडे येतो. आधी थोडं कपड्यांविषयी.

नव्या वर्षासाठी संस्थेने शिक्षकांच्या वेशभूषेचं पत्रक काढलं आहे. जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक रंग नको, ‘पेशास शोभेल असे’ सर्व हवे. ते पाळलं जातं की नाही, हे बघायचं काम माझं. शिक्षकांनी मला विचारलं, “सर, शोभेल असे म्हणजे कसे?” मी म्हटलं, मला विचारू नका, मी या विषयातला पीडितही आहे आणि लाभार्थीही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी चौकटीचा शर्ट घालून, खांद्याला पिशवी लावून इथे उतरलो होतो. फाटकात एका मुलाचे वडील उभे होते, रखमाजी. मला बघून म्हणाले, “वायरमन भाऊ, आमच्या खांबावरची लाईट कवा यायची?” मी सांगितलं, मी संस्कृतचा शिक्षक. ते लई हसले. “राव, मस्करी नका करू, तीन दिस झालं अंधारात हाय आमी.” त्याच संध्याकाळी जुन्नर गाठलं आणि कमरुद्दीनभाई टेलरकडे पांढऱ्या शर्टाचं माप दिलं. चार दिवसांनी तो घालून आलो, तर हेच रखमाजी वाकून म्हणाले, “नमस्कार गुर्जी. मागं एक वायरमन तुमच्या नावानं येऊन गेला बरं का. ध्यान ठेवा.”

त्या दिवसापासून आजतागायत पांढराच शर्ट. त्यात ज्ञान किती मावलं ते माहीत नाही, पण लोक वाकायला लागले. मलाही वाटू लागलं की शुभ्र आणि शुद्ध हे एकच.

आता आहुप्याचं सांगतो. गेल्या जुलैत शाळाबाह्य मुलांची पाहणी करायला मी तुमच्या गावी गेलो होतो. तुझ्या आईने, सारजाबाईंनी, तुला सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर बरं, कारण मी काही ऐटीत पोचलो नव्हतो. तुमच्या दारात पोचेपर्यंत माझ्या अंगावर कोरडा असा फक्त चष्म्याचा डबा होता. तुझ्या आईने बघताक्षणी ओळखलं. “अगं बया, भागूचं सर! काढा आधी तो शर्ट.” तुझ्या वडिलांची बंडी मला दिली आणि शर्ट चुलीवर बांधलेल्या दोरीवर टाकला. मी म्हटलं, “पडवीत टाकला तरी चालेल हो.” त्या हसल्या. “पडवीत टाकला तर दिवाळीला वाळंल. हितं चार महिने समदं चुलीवरच वाळतं, सर. पोरांचे गणवेश बी.”

मी दोरीकडे बघत बसलो. खाली ओली लाकडं धुमसत होती.

दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून शाळेत आलो. आपले लिपिक पप्पूभाऊ मस्टर पुढे करता करता थांबले. “सर, रागावू नका, पण विडी कवापासून वढायला लागलात?” घरी दोनदा धुतला तरी पाठीवरचा पिवळेपणा गेला नाही.

एक गोष्ट मी गाळली. तुझी आई भात वाढताना म्हणाली होती, “भागू लई श्लोक म्हणायची, सर. भाकरी थापताना बी. मंग एका सालाला एकदम गप झाली. इचारलं तर म्हणली, आई, आपलं बोलणं शुद्ध न्हाई.” तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “अजून थोडा भात वाढा.”

या गोष्टीला अकरा महिने झाले. फोन करता आला असता, पण फोनवर मी विषय बदलण्यात पटाईत आहे. म्हणून हे लिहून पप्पूभाऊंच्या हाती पाठवतो आहे.

सतरा वर्षांपूर्वीचा तो सोमवार. जुन्नरला संस्कृत दिनाची पाठांतर स्पर्धा होती. शाळेतून एकच नाव जायचं होतं आणि ते तुझं होतं. तू शनिवारी वसतिगृहातून घरी गेलीस आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत आलीस. जुन्नरला न्यायच्या जीपपाशी उभी राहून म्हणालीस, “सर, जाता जाता एकदा म्हणून दाखवू?” तुझा गणवेशाचा पांढरा ब्लाऊज पिवळट पडला होता आणि त्याला धुराचा वास येत होता. मला वाटलं, या मुलीला स्पर्धेचं काही नाही, चुलीपुढून उठून तशीच आली. मग वाटलं, पहिल्या रांगेत परीक्षक बसणार, ते शाळेला काय म्हणतील? शेजारी सोनल उभी होती, इस्त्रीच्या गणवेशात, श्लोक पाठ असलेली पण नुसती बघायला आलेली. मी तिला म्हटलं, “तू चल.” आणि तुला म्हटलं, “तुझे उच्चार अजून शुद्ध नाहीत, भागू. पुढच्या वर्षी बघू.”

कपड्यांचं कारण देण्याची मला लाज वाटली, म्हणून मी तुला विद्येचं कारण दिलं.

सोनलला दुसरा क्रमांक मिळाला. त्यामुळे माझी चूक चषक होऊन कपाटात बसली आणि मी दर पंधरा ऑगस्टला ती पुसून घेत राहिलो. पुढच्या वर्षी तू संस्कृत पाठांतराला नावच दिलं नाहीस. मीही विचारलं नाही.

भागू, त्या दिवशी मी तुझे उच्चार ऐकलेच नव्हते. त्याआधी महिनाभर रोज ऐकले होते. तसे उच्चार मला नोकरीच्या तीस वर्षांत पुन्हा कोणाचे ऐकायला मिळाले नाहीत. माझेसुद्धा नाहीत, आणि हे लिहायला मला किती जड गेलं हे तू जाणतेस.

सकाळी सचिवांना लेखी कळवलं आहे की ‘गुरुजन’ म्हणजे मी, आणि ते विधान खोटं होतं. नक्कल सोबत जोडली आहे. शाळेत एक फलकही लावला आहे, की पावसाळ्यात कोणाही मुलाचा गणवेश तपासला जाणार नाही. पप्पूभाऊंनी विचारलं, “कारण काय लिव्हू?” मी म्हटलं, माझं नाव लिहा.

आता तुझं. नकार देण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. रोजचा प्रवास लांबचा आहे, हे कारण दे. या माणसाच्या हाताखाली काम करायचं नाही, हेही दे. मी ते मान्य करीन आणि वरती तसंच कळवीन. पण उच्चारांचं कारण देऊ नकोस. ते कारण तुझं नाही. मी माझ्या सोयीसाठी बनवलं होतं, ते मी परत घेतो आहे.

आणि आलीस, तर सोमवारी पहिला तास नववीचा आहे. पत्रकाचा विचार न करता, अंगाला बरं वाटेल ते घालून ये. खडू मी ठेवीन, वर्गात मी पाऊल टाकणार नाही. फक्त खिडकी उघडी ठेव. मला बाहेरून ऐकायचं आहे.

तुझ्याशी खोटं बोललेला
आणि आज खरं लिहून सही करणारा,
सयाजी सर