बॉनेटवरच्या केसासंबंधी

मी, खाली सही करणारा, धंद्याने गाड्या रंगवणारा, शिक्षणाने संस्कृतचा पदवीधर आणि या विजोड जोडीमुळे ‘शास्त्रीबुवा’ म्हणून ओळखला जाणारा, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं आहे. फुप्फुसांबद्दल त्यांना तसं लिहिता आलं नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. तशी घाई वाटली नव्हती.

कलम १. राहतं घर, त्याखालचं दुकान आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला. स्वयंपाकघरातला नळ ठोसा दिल्याशिवाय बंद होत नाही, तोही तिच्याच वाट्याला.

कलम २. मोठा कॉम्प्रेसर माझ्या मेहुण्याला. त्याची बहीण जाऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा तो मला म्हणाला होता, “दाजी, तिची गाडी काढून टाका. लाल रंगाला गिऱ्हाईक पटकन मिळतं.” कॉम्प्रेसर आवाज फार करतो आणि हवा बेताची देतो. दोघांचं पटेल.

कलम ३. पॉलिशचं मशीन, रबरी ठोकळे आणि पाण्यात भिजवून घासायचे कागद, म्हणजे वॉटर पेपर, मुलीलाच. वाळलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पाण्याने घासताना तिचा हात माझ्यापेक्षा हलका पडतो. मात्र कडांना चिकटपट्टी लावायचा तिला कंटाळा. कडेला क्लिअर पातळ असतो, बाई! पाणी दुधासारखं उतरतंय तोवर ठीक. त्यात रंग दिसला की संपलं.

कलम ४. ती लाल गाडी मुलीला. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, वकीलसाहेबांनी कंटाळू नये.

गाडी माझ्या पत्नीची, रंगवली मी. क्लिअरचा पहिला हात देऊन झाला आणि ती रंगखोलीच्या दारातून आत डोकावली. “शास्त्रीबुवा, जेवायला येताय, की हिच्याशीच लग्न लावून देऊ?” मी म्हटलं, “दार लाव, धूळ येते.” धूळ नाही आली. तिचा एक लांब केस आला, दुसरा हात मारल्यावर बॉनेटवर दिसला. ओल्यात बोट घालायचं नाही, वाळू द्यायचं, मग पाण्याने घासून काढायचं, ही आमच्या धंद्याची रीत. वाळायची वाट पाहत राहिलो. त्याच आठवड्यात ती तापाने गेली. घासायला भिजत घातलेला कागद तसाच पाण्यात राहिला.

मुलगी तेव्हा रांगत होती. धंद्यात आल्यापासून ती म्हणते, “बाबा, रंगाच्या दुकानाच्या दारात ही गाडी, आणि बॉनेटवर केस! लोक काय म्हणतील? घासू द्या मला.” मी नाही म्हणायचो. परवा पुन्हा वाद झाला, तेव्हा ती म्हणाली, “तुम्हाला त्यात आई दिसते. मला काचेखालचा दोरा दिसतो. तिचं काही माझ्या हाताला कधी लागलेलंच नाही, बाबा.”

 यावर संस्कृतातही वचन सापडलं नाही.

ती सामान आणायला गेली असताना मी स्टूल ओढून गाडीपाशी बसलो. सगळ्यात बारीक कागद, साबणाचं पाणी, आणि धाप लागत असल्यामुळे घाईची सोय नव्हतीच. थोडं घासायचं, पुसायचं, बोट फिरवायचं. पाणी पांढरंच येत होतं. मग एकदा बोट कशाला तरी अडलं. केसाचं टोक उघडं पडलं होतं. बराच वेळ बोट उचललं नाही. कागद खाली ठेवला.

बॉनेटवर तळहाताएवढा भाग धुरकट दिसतो, तो यामुळे.

तर बाळ, त्या जागी पॉलिश लावू नकोस. मशीन तर मुळीच नाही. एका फेऱ्यात ते टोक निघून जाईल. आधी हात धुऊन कोरडे कर. डोळे मीट आणि बोट हळू वरून खाली आण. फार बारीक आहे, पहिल्यांदा कळणार नाही, धीर सोडू नकोस. हवं तितक्या वेळा फिरव. पुढे घासून काढून गाडी चमकवायची, की वरून पुन्हा क्लिअर मारून झाकायचं, ते तू ठरव. माझी कोणतीही अट नाही. तुझी आई आहे.

सही: शास्त्रीबुवा

आमच्या समक्ष सही केली:
समोरचा टायरवाला (सही)
डॉक्टरीणबाई (सही)

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला मंगळवार, हवा कोरडी