उजव्या खिशातली दुर्मिळ नाणी

४ मे, सोमवार (सुट्टी)
पुरवणीत वाचलं. कुणाला तरी रोजच्या सुट्ट्या पैशांत टांकसाळीतून चुकून वेडंवाकडं निघालेलं नाणं सापडलं. विकलं. गाडी घेतली.
आणि मी? अकरा वर्षं जलतरण तलावाच्या तिकीट खिडकीत बसून ओंजळी-ओंजळीने नाणी लोकांना परत देतोय. आलेल्या नशिबाला सुट्टे देऊन वाटेला लावलं.
आजपासून बंद. भिंग आणलं. नियम दोनच. एक: संशयित नाणं उजव्या खिशात, त्याच्या जागी डाव्या खिशातलं आपलं. (गल्ल्याला धक्का नाही. मी संग्राहक आहे, चोर नव्हे.) दोन: घरी आल्याबरोबर उजवा खिसा डब्यात रिकामा करायचा. यात हयगय नाही.

७ मे, गुरुवार
संशयित नाणी चौदा. रांग गेटच्या बाहेर. पोहायची टोपी घालून उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं, की तलाव आटायच्या आत तिकीट मिळेल का. मी हसलो नाही. संशोधन करणाऱ्याला हे सोसावंच लागतं.
दमून आलो. पँट तशीच धुवायला टाकली. डबा उद्या.

११ मे, सोमवार (सुट्टी)
बाल्कनीतलं वॉशिंग मशीन खडखडतंय, अशी बायकोची तक्रार. मेकॅनिकला बोलवा म्हणाली. शेजारी उभा राहून नीट ऐकलं. वय झालं की आवाज यायचाच. माझे गुडघेही वाजतात, त्यांना कुणी मेकॅनिक आणत नाही. तरी बोलावतो म्हणालो.
खिसे बघून कपडे टाकत जा, हेही म्हणाली. नियम दोन मुळात माझाच आहे. तो मला कुणी शिकवू नये.

१६ मे, शनिवार
मशीन किंचाळून बंद पडलं.
वाईट वाटलं. गेल्याच महिन्यात बायकोच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालंय. कपडे पिळायला डॉक्टरांची सक्त मनाई. आज तिने बाथरूममध्ये स्टुलावर बसून सगळं धुणं डाव्या हाताने केलं. मला बघवेना, म्हणून दार लोटून घेतलं.
उद्या मेकॅनिक. काळ्या दगडावरची रेघ.

१७ मे, रविवार, सकाळी ६.४०
सापडलं!
मुलीला बाल्कनी झाडताना फरशीवर मिळालं. पाचचं नाणं, पण नेहमीच्यापेक्षा लहान. कड ताटलीसारखी वर वळलेली. काठाजवळची अक्षरं अर्धी पुसलेली. टांकसाळीत असा घोळ लाखात एखादा होतो.

रात्री ८
नाणं खिडकीत कधी आलं, आठवत नाही. आलं एवढं खरं. मेकॅनिकला येऊ नका म्हणून कळवलं. जुन्या मशीनवर खर्च कशाला? आता नवंच. मोठं. कपडे वाळवूनसुद्धा देणारं. बायकोला शब्द दिला. तिने विचारलं, तोवर काय? चार दिवस कळ काढ म्हणालो. तिने चादरी भिजवायला घेतल्या.

२१ मे, गुरुवार
मेहुण्याला नाणं दाखवलं (लांबून). त्याने विचारलं, यावरून ट्रक गेला का? जळतात लोक.
बायकोचं मनगट सुजलंय. मुलगी माझ्याशी बोलत नाही. मलाही आतून बरं वाटत नाहीये, पण सोमवारी सगळं भरून निघेल. बायकोला नव्या मशीनचा रंग निवडायला सांगितलं. ती म्हणाली, कुठलाही चालेल, मशीन चाललं पाहिजे.
राजीनाम्याचा कच्चा मसुदा तयार. साहेबांबद्दल मनात कटुता नाही.

२५ मे, सोमवार (सुट्टी)
जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांनी नाणं हातात घेतलं, भिंगसुद्धा लावलं नाही. विचारलं, घरी वॉशिंग मशीन आहे का? म्हटलं, नवं घेतोय. त्यांनी ड्रॉवर उघडला. आत अशीच मूठभर नाणी. लोक मोठ्या आशेने आणतात आणि इथेच टाकून जातात म्हणे. खिशात राहिलेलं नाणं मशीनच्या ड्रमच्या फटीत अडकतं, गरगर फिरून ठेचलं जातं, कड वळते. पाचच्या नाण्याचे पाचच मिळतील म्हणाले.
चाल ओळखली. स्वस्तात लाटायचा डाव. वर नाणं परत केलं, तेही आग्रहाने. काय मुरलेला माणूस!

२६ मे, मंगळवार
कामावरून आलो तर बाल्कनीत मेकॅनिक. बायकोने परस्पर बोलावलेला. ड्रम उघडून बाहेर काढलेला. कठड्यावर नऊ नाणी ओळीने मांडलेली. सगळी लहान, सगळ्यांच्या कडा वळलेल्या. खिशातलं दहावं काढून शेजारी ठेवलं. सख्खी भावंडं.
घरात लहान मूल आहे का, असं मेकॅनिकने विचारलं. बायको म्हणाली, आहे, सेहेचाळीस वर्षांचं.
ड्रम फाटलाय. मशीन भंगारात. खडखडायला लागल्याबरोबर बोलावलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, असं तो जाता जाता म्हणाला. हे सांगायची काही गरज नव्हती.
बायकोच्या मनगटाकडे बघितलं. लाज वाटली. तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, बादली तिकडे आहे.

१ जून, सोमवार (सुट्टी)
नवं मशीन बोनस झाल्यावर. तोवर धुणं माझ्याकडे. राजीनाम्याच्या मसुद्याच्या पाठीवर मुलीने गणितं सोडवली. बरी सुटली आहेत.
चादर पिळायला दोन माणसं लागतात. बायकोने डाव्या हाताने एक टोक नुसतं धरलं, पीळ मी दिला. आठवडाभराने ती पहिल्यांदा हसली, कारण पाणी सगळं माझ्याच अंगावर आलं. मग माझी पँट घेतली. उजव्या खिशात काहीतरी टोचलं. नाणं.
गुपचूप काढून मुठीत धरलं. तिने न बघताच विचारलं, कुठल्या सालचं? मी म्हणालो, बघितलं नाही.
बघितलं होतं. नेहमीचंच आहे.