परळच्या खोलीतल्या सकर माशाची व्यवस्था

मी, विनीत कुशाबा घाडी, वय ५४, राहणार परळ, नोकरी एसी प्लँट ऑपरेटर, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा गुरुवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मग एवढ्या कागदांवर सह्या कशाला घेतल्या, ते सांगत नाहीत.

१. चाळीतली खोली व बँकेतली ठेव पत्नी शैला हिला. (ती मागे उभी राहून वाचते आहे. "मला एका ओळीत उरकलंत. आता माशाला पान लागेल." लागेल.)

२. नट-बोल्टचे पाने, मल्टिमीटर व पाण्याचा पीएच मोजायचं किट मुलगी सीमा हिला. किटच्या नळ्या वापरून झाल्यावर धुवाव्यात. धुतल्या जात नाहीत, म्हणून लिहिलं.

३. चार फुटी टाकी व त्यातला सकर मासा. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून दोन इंचाचा आणला होता. आज अकरा वर्षांचा, तेरा इंच. दुकानदार म्हणाला होता, "हा असला की टाकी धुवायलाच नको." साफ खोटं. हा खातो त्याहून जास्त घाण करतो. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलावं. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली कधीच नाही. नुसत्या शेवाळाने याचं पोट भरत नाही. संध्याकाळी काकडी किंवा दुधीची चकती द्यावी, उरलेली सकाळी काढावी. लाकडाचा ओंडका हलवू नये. मासा दुसरीकडे न्यायचा झाल्यास जाळीत धरू नये, काटे अडकतात. डब्यात हाकलावा.

आत्ता उठून पाहिलं. ओंडक्याखालीच आहे.

४. हा मासा खालच्या मजल्यावरच्या पुष्करला देऊ नये. टाकी गळत होती तेव्हा आठ दिवस त्याच्याकडे ठेवला, तर याने त्याच्या गोल्डफिशचं अंग खरवडलं. पुष्कर म्हणतो, "काका, हा सफाईवाला आहे की सोलाणं?" चूक पुष्करची, काकडी टाकली नाही. दुकानदारही परत घेत नाही. "एवढा मोठा कोण घेणार? तलावात सोडा." तलावात सोडू नये. तिथे हे वाढतात आणि बाकीच्या माशांना जागा उरत नाही. पुण्यबिण्य काही लागत नाही.

५. याच्याआधी एक सकर होता. मला जागा पुरेना, म्हणून थोरले बंधू गंगाधर यांना दिला. बारा वर्षांपूर्वी त्यांनी तो पाच दिवसांच्या गणपतीबरोबर दादर चौपाटीला नेऊन, हात जोडून, समुद्रात सोडला. गोड्या पाण्यातला मासा! तेव्हापासून मी दादाशी बोललो नाही. चार नातेवाइकांत त्याला अडाणी म्हटलं.

न सांगितलेलं आता लिहितो. मासा घेताना दादाने विचारलं होतं, "ह्याका पाणी कसला लागता?" आणि मी, पुस्तकं वाचून शिकलेला, ऐटीत म्हणालो, "कसलंही. गटारातही जगेल." तो माझ्या शब्दावर गेला. नंतर एकदाच म्हणाला, "तूच सांगितलंस मां." मी दार लावून घेतलं.

६. आज सकाळी शैलाने मला न विचारता साक्षीला दादालाच बोलावलं. तो आला. खुर्ची सोडून टाकीपुढे उकिडवा बसला. वाकून ओंडक्याखाली पाहिलं. मग म्हणाला, "ह्याका मीठ चलता काय रे?"

"नाही, दादा."

"मग सगळा लिवन ठेव. माका समजात असा."

म्हणून कलम ३ एवढं लांबलं.

सबब टाकी व मासा गंगाधर कुशाबा घाडी यांना. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार न होणं बरं, म्हणून साक्षीतलं त्यांचं नाव खोडलं आहे. खाडाखोड माझीच. गुरुवारनंतर मी घरी परत आलो, तरी मासा दादाकडेच राहील. पाणी बदलायला दर रविवारी मी जाईन.

स्थळ: परळ, मुंबई
मंगळवार, १० जून २०२५

सही: वि. कु. घाडी

साक्षीदार:
१. गंगाधर कुशाबा घाडी (खोडले)
१. अभय राणे, शेजारी
२. लतिका सामंत, शेजारी